सकाळी धरणाऱ्या दुखण्यास

बालसंधिवाता,

आमच्या साकोलीत वात म्हटला की रोवणीत जन्मभर वाकलेली आजी डोळ्यांपुढे येते. म्हणून तू लहान मुलीच्या गुडघ्यात शिरलास तेव्हा तुला कुणी ओळखलं नाही. सकाळी पाय सरळ होत नसे, आई उचलून मोरीत न्यायची. उन्हं चढली की सांधे सैल व्हायचे आणि दुपारी मी मैदानात पळताना दिसायचे. मग शाळा चुकवायचं सोंग, हेच सगळ्यांना पटायचं. डॉक्टरांसमोर उभं राहीपर्यंतही दुपार झालेली असे. रक्तात आरए फॅक्टर निघाला नाही, म्हणजे वात नाही, असं ठरलं. तू धरलेल्या बहुतेक मुलांत तो निघतच नाही, हे नागपूरला गेल्यावर कळलं, फार उशिरा.

लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्येच मुलांमधलं तुझं रूप नोंदवलं होतं. आपल्याकडे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली. मोलाचं काम, पण ती पाहणी प्रौढांची. मुलं बाहेरच राहिली.

डोळ्यातल्या तुझ्या सुजेचा मला सर्वांत जास्त राग आहे. बहुतेकदा ना लाली, ना दुखणं, आणि नजर मात्र जाऊ शकते. डोळे ठणठणीत वाटले तरी स्लिट लॅम्पवर नियमित तपासायला हवेत, हे आईबापांना पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे.

सोळाव्या वाढदिवसाआधी येतोस म्हणून तुझ्या नावात ‘बाल’. माझी सोळा उलटली, तू राहिलास. बालरोग विभाग सुटला आणि मोठ्यांच्या ओपीडीत सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. रविवारी गोळी, सोमवारी मळमळ. तरी तिच्यामुळेच मी चालते. मूल हवं असेल तर ती आधी डॉक्टरांना विचारून बंद करावी लागते. म्हणून लग्नाच्या बोलणीत हे सांगू नको, असं घरचे म्हणाले. काळजीपोटीच म्हणाले, पण मी सांगितलं. आजही आषाढात बांधीत वाकवत नाही. धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या जुड्या पुढे देते.

परवा ओळखीची एक आई लंगडणाऱ्या मुलाला घेऊन आली. दुपारी तो छान खेळत होता. तिला म्हटलं, उद्या उठल्या उठल्या त्याचा चालतानाचा व्हिडिओ काढा, आणि डॉक्टरांना आधी तोच दाखवा.