फिल्मवर भार नको

सिनेमाच्या प्रोजेक्टरला फिल्म पुरवणारा प्लॅटर बिघडला की बहुतेक जण आधी मोटरकडे बघतात. मी फिल्मकडे बघतो. ती रोलरच्या मधोमध चालली आहे की कडेला घासते आहे, प्लॅटरमधून निघताना सैल आहे की ताणलेली, परतीच्या वाटेवर फडफडते आहे का, हे आधी पाहायचं. मल्टिप्लेक्सच्या प्रोजेक्शन केबिनमध्ये गेलेल्या वर्षांनी मला हे पक्कं शिकवलं की बिघाड दिसतो एकीकडे, असतो भलतीकडेच, आणि त्या दोन जागांना जोडणारी फिल्मच असते.

केबिन न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. जुन्या एकपडदा थिएटरात दोन प्रोजेक्टर असत. एकावरचं वीसेक मिनिटांचं रीळ संपत आलं की ऑपरेटर दुसरा सुरू करी. प्लॅटरने ही धावपळ संपवली. पेटीतून आलेली सगळी रिळं टेपने जोडायची आणि त्यांची एकच सलग गुंडाळी आडव्या तबकडीवर ठेवायची. एका खांबाला अशा सहसा तीन तबकड्या असतात. एकीवरची फिल्म गुंडाळीच्या आतून सुटते, रोलरांवरून प्रोजेक्टरमध्ये जाते आणि परत येऊन दुसरीवरच्या रिंगभोवती गुंडाळली जाते. खेळ संपला की सिनेमाची सुरुवात पुन्हा आतच असते, त्यामुळे उलटं गुंडाळायचं काम उरत नाही. जर्मनीत स्वतः थिएटर चालवणाऱ्या विली बुर्ट यांची ही कल्पना. १९८८ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार देऊन तिची दखल घेतली.

३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. तीन तासांचा हिंदी सिनेमा म्हणजे १६,२०० फूट, जवळजवळ पाच किलोमीटर. तबकडीवर त्याची तीनेक फूट रुंद आणि तीस किलोंहून जड गुंडाळी होते. फिल्मचा वेग शेवटपर्यंत तोच, तबकडीचा मात्र सतत बदलतो. आतले फुटभर व्यासाचे वेढे सुटताना ती मिनिटाला तीसेक फेरे घेते, अखेरचे मोठे वेढे सुटताना दहाच्या आसपास. हा बदल सांभाळतो मध्यावर बसवलेला ब्रेन. फिल्म ताणली की त्याचा छोटा दांडा ओढला जातो आणि मोटर वेग घेते. फिल्म सैलावली की दांडा मागे येतो, मोटर मंदावते.

इथेच या कामाचं मर्म आहे. फिल्मने फक्त दांड्याला इशारा द्यायचा, तबकडी ओढायची नाही. जुळणी करायची म्हणजे फिल्मच्या वाट्याला आलेलं प्रत्येक फाजील काम काढून घ्यायचं.

सुरुवात जमिनीपासून होते. केबिनची फरशी क्वचितच सपाट असते. तबकडीवर स्पिरिट लेव्हल आडवी-उभी ठेवून खांबाचे पाय फिरवायचे. मग कडेजवळ पेन्सिल धरून तबकडी हाताने सावकाश फिरवायची. फट कमी-जास्त झाली तर तबकडी डुलते आहे. त्यानंतर ओळंबा लावून रोलरांची रेषा प्रोजेक्टरशी जुळवायची. तबकडीवर फिल्म कडेवर उभी असते, प्रोजेक्टरकडे जाताना ती वळते. ही वळण्याची जागा जरा जरी चुकली, तर फिल्म रोलरच्या एका बाजूला चढते. रोलरच्या काठावर पांढरी भुकटी जमलेली दिसली की समजावं, फिल्म तिथे घासते आहे. शेवटी एकेक रोलर बोटाने फिरवून पाहायचा. अडकलेला एकच रोलर पाच किलोमीटर फिल्मवर एका खेळात सलग ओरखडा ओढतो, आणि पुढच्या प्रत्येक खेळाला पडद्यावर पाऊस पडतो.

तबकडी एकदा सुसाट, एकदा मंद अशी हेलकावू लागली की माझ्यासमोर तीन संशयित असतात: गुंडाळी, ब्रेन आणि तबकडी. सुटे भाग बदलण्याआधी मी जागा बदलतो. दुसरा ब्रेन लावून दोष गेला, तर दांड्याची खीळ जाम आहे किंवा आतला सेन्सर गेला आहे. तीच गुंडाळी दुसऱ्या तबकडीवर चालवून दोष मागेच राहिला, तर पट्टा, रबरी चाक किंवा मोटरचं कार्ड पाहायचं. दोष गुंडाळीबरोबर आला, तर रिळं जोडताना वेढे कुठे सैल, कुठे घट्ट बसले आहेत. यात महागडं काही नाही, पण घाईच्या माणसाला हे जमत नाही.

काही वेळा यंत्र निर्दोष असतं आणि हवा दोषी. पॉलिएस्टर फिल्म कोरड्या, थंड एसीत स्थिर विजेने भारते. वेढे एकमेकांना चिकटतात, एकाऐवजी दोन-तीन एकदम सुटतात आणि ब्रेनभोवती फास बसतो. त्यावर उपाय म्हणजे पक्कं अर्थिंग आणि हवेत पुरेसा ओलावा. पावसाळ्यात मुंबईच्या केबिनमध्ये हा त्रास आपोआप कमी व्हायचा.

आपल्याकडे आणखी एक कसोटी असे, मध्यंतर. परदेशात बहुतेक सिनेमे सलग चालतात. इथे अर्ध्या भरलेल्या दोन्ही तबकड्या ऐन वेगात थांबवून पुन्हा हलवाव्या लागत. प्रोजेक्टर आणि फिल्म परत गुंडाळून घेणारी तबकडी एकत्र थांबायला हवीत, एकत्र उठायला हवीत. जोडीतला एक बैल आधी उठला की जू तिरकं होतं. इथे ते जू फिल्मच्या मानेवर असतं. म्हणून जुळणी तपासताना फिल्म नुसती चालवून माझं समाधान होत नसे. अर्ध्या गुंडाळीवर थांबवून, पुन्हा सुरू करून, ब्रेक आणि दांडा दोन्ही बघितल्याशिवाय मी प्लॅटर ताब्यात देत नसे.

जुनी ॲसिटेट फिल्म ताण असह्य झाला की तुटायची आणि बिघाड कळायचा. पॉलिएस्टर सहजी तुटत नाही. ती ओढ सोसत राहते, चूक झाकते, आणि अखेर रोलर वाकवते. एक ऑपरेटर चार-पाच पडदे सांभाळत असताना प्रत्येक यंत्राजवळ उभं राहणारं कोणी नसे. त्यामुळे खेळाच्या वेळी द्यायचं लक्ष आधीच, जुळणी करताना, द्यावं लागे.

आता आपल्या मल्टिप्लेक्समधून प्लॅटर गेले. जगातही जिथे दुर्मीळ प्रिंट दाखवल्या जातात, तिथे प्लॅटर सहसा चालत नाही, आणि ते योग्यच आहे: रिळांची टोकं कापून जोडणं जुन्या प्रिंटला मानवत नाही. पण २०२३ साली ‘ओपनहायमर’ची आयमॅक्स प्रिंट सुमारे ११ मैल लांब आणि ६०० पौंड वजनाची निघाली, तेव्हा प्लॅटर वाढवूनच ती दाखवावी लागली. भारतात त्या प्रिंटचा खेळ झाला नाही. तरी फिल्म प्लॅटरवरून चालो की रिळावरून, ती हाताळायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगेन: पान्हा उचलण्याआधी फिल्मची सगळी वाट डोळ्यांनी चाला आणि तिला कुठे ओढ बसते ते शोधा. ती ओढ काढली की उरलेलं बरंचसं यंत्र आपोआप सुधारतं.