तो कोंबडा विकायचा नाही!

एक वीकएण्ड वऱ्हाडात. ‘गावरान’ म्हणजे नेमकं काय, हे दर्यापूरजवळच्या एका अंगणात कळतं. आपण रस्सा ओरपताना त्यासोबत आणखी काय संपवतोय, तेही!

हायवेवर ‘गावरान मिळेल’ची पाटी दिसली की आपल्या गाडीचा स्पीड आपोआप कमी होतो. खरं ना? सिंहगडचा पायथा असो की कर्जतचं फार्महाऊस, ऑर्डर ठरलेली. गावरान कोंबडी, भाकरी आणि वर चुलीवरचा ठसका. बिल आलं की आपण जरा कुरकुरतो आणि ‘अरे, पण गावरान आहे ना बॉस’ म्हणत कार्ड पुढे करतो.

आमच्या टीममध्ये दर्यापूरचा एक मित्र आहे. अशाच एका लंचला तो म्हणाला, ‘‘गावरान म्हणजे काय, हे माहितेय का तुम्हाला?’’ आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. तपकिरी अंड्याची. अंगणात फिरणारी. शिजायला वेळ लागणारी. तो नुसता हसला आणि म्हणाला, ‘‘पौषात चला घरी. आजीला विचारा.’’

म्हणून जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही मुंबई-अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि सकाळी कुडकुडत मूर्तिजापूरला उतरलो. एकेकाळी इथून दर्यापूरकडे ‘शकुंतला’ जायची, अचलपूरला जाणारी ती प्रसिद्ध नॅरोगेज. दर्यापूरचं तिचं स्टेशन बनोसा. आता ती बंद आहे. उरली एसटी आणि काळीपिवळी. तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे काळीभोर माती, तूर आणि हरभरा. डोंगर नाही, झाडी नाही, नजर जाईल तिथवर सपाट. पोस्टकार्डवर टाकावं असं इथे काही नाही, आधीच सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, पिण्याचं पाणी सातपुड्यातल्या शहानूर धरणातून पाइपानं येतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. अशा ठिकाणी जे टिकतं ते लाडानं नाही, हिमतीनं टिकतं. माणूस असो नाही तर कोंबडी.

माळकरी सिलेक्टर

मित्राच्या घरी चाळीसेक कोंबड्या आहेत. पहिल्या नजरेला नुसता गोंधळ. लाल, काळ्या, ठिपक्यांच्या, राखाडी. एकीच्या मानेवर पीसच नाही. आम्हाला वाटलं, आजारी असेल बिचारी. काकू हसल्या. ती उघड्या मानेची जातच तशी. अंगावर पिसं कमी, त्यामुळे उष्णता बाहेर पडते आणि वैशाखातही ही चरत असते. बंद शेडमधल्या ब्रॉयलरला त्याच दिवसांत पंखे आणि फॉगर लागतात.

पण या कारभाराची खरी बॉस काकू नाहीत, आजी आहेत. गंमत बघा, आजींच्या गळ्यात तुळशीची माळ. चाळीस वर्षांत त्यांनी मटण-कोंबडीला हात लावलेला नाही. हा गाडगेबाबांचा मुलूख. त्यांचं जन्मगाव शेणगाव इथून फार लांब नाही, आणि देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका, असं बाबा गावोगाव कीर्तनातून बजावत फिरले. आजींनी खाणं सोडलं, पारख सोडली नाही. कोणती कोंबडी ठेवायची, कोणती विकायची आणि कोणाच्या अंड्यांवर कोणाला बसवायचं, याचा शेवटचा शब्द त्यांचा.

‘‘गावरान आपोआप नाही होत, बापा,’’ आजी बाजेवरून म्हणाल्या. ‘‘निवडा लागते. दरसाल निवडा लागते.’’

आणि मग आमचा क्लास सुरू झाला.

पहिला धडा, खुडूक. अंडी घालून झाली की गावरान कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंड्यांवर बसून राहते, उठवली तर टोचायला येते. एकवीस दिवस उबवणं, मग दीड-दोन महिने पिल्लं सांभाळणं. एवढा काळ अंडी बंद! कंपनीच्या हिशेबात हा चक्क तोटा. म्हणून लेअरच्या जातींमधून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत हा गुण जवळजवळ पुसून टाकला गेला. शेडमधली कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण तिला आई होणं ठाऊक नाही. ते काम मशीन करतं. गावरान वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण लोडशेडिंगमध्येही न थांबणारं इन्क्युबेटर ती सोबत घेऊन हिंडते!

त्यामुळे आजींचा पहिला निकष वजन नाही, अंडीही नाहीत. निकष आईपणाचा. मागच्या खेपेला किती पिल्लं काढली आणि त्यातली किती मोठी केली? घार दिसल्यावर ओरडून पिल्लं पंखाखाली घेतली, की स्वतःच आधी खुराड्यात पळाली? पळणारीचा नंबर पुढच्या बाजारात.

दुसरा धडा हाताचा. काकूंनी एक कोंबडी उचलून उलटी धरली आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवून दाखवली. तीन बोटं सहज मावली तर अंड्यावरची, एकच मावलं तर नाही. तुरा लाल आणि गरम हवा. पिवळ्या पायाची कोंबडी भरपूर अंडी देत असेल तर पायाचा रंग फिका पडत जातो, कारण तो पिवळेपणा बलकात उतरतो. कुठलं रजिस्टर नाही की एक्सेल शीट नाही, पण डेटा पक्का.

या पिवळ्या पायांची गोष्ट तर भन्नाट आहे. कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचा जीन त्याच्याकडून आलेला नाही, तो करड्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. हा करडा रानकोंबडा खास आपल्या भारतातला, आणि आजही मेळघाटात आरवतो. म्हणजे दर्यापूरच्या उत्तरेला क्षितिजावर जी सातपुड्याची निळी रेघ दिसते, तिथे या अंगणातल्या कोंबड्यांचे चुलत पाहुणे राहतात!

तिसरा धडा अंड्यांचा. बसवायला आठवड्याच्या आतलं, मध्यम आकाराचं, न तडकलेलं अंडं. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरायचा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला, नाही तर ते अंडं काढून टाकायचं. भर उन्हाळ्यात बसवणी बंद. गरमीनं गर्भ अर्धवट वाढतो आणि मरतो. म्हणून पावसाळा सरला की टोपल्यात कुटार अंथरायचं आणि कामाला लागायचं. जाता जाता, तपकिरी अंडं म्हणजे गावरान, हा आपला समज साफ चुकीचा. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि तपकिरी अंडी देणाऱ्या कंपनीच्या कोंबड्याही असतात. इथली अंडी लहान आणि फिकट बदामी होती. सुपरमार्केटच्या शेल्फवर आपण उचललीच नसती!

जावई बदला

चौथा धडा सगळ्यात महत्त्वाचा. कोंबडा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो, म्हणजे पुढच्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लात निम्मा तोच. तो चुकला की सगळं चुकलं. आणि तो कितीही चांगला असला तरी कायमचा ठेवायचा नाही. त्याच्याच लेकी अंड्यावर आल्या की रक्त जवळचं होतं आणि अंडी फुटायची कमी होतात. म्हणून या घरचा कोंबडा काकूंच्या माहेरी जातो आणि तिकडचा इकडे येतो. पैसे नाहीत, अदलाबदल. काकू त्याला ‘जावई’ म्हणतात.

एकदा हे गणित चुकलं होतं. काही वर्षांपूर्वी कुठूनशी सुधारित जातीची पिल्लं घरात आली. वजनदार, देखणी, अंडीही दुपटीनं. तशा जाती वाईट नाहीत. बेंगळुरूची गिरिराज आणि हैदराबादची वनराज परसातल्या कोंबडीपालनासाठीच तयार झाल्या आणि अनेक घरांना त्यांनी चार पैसे दिले. पण काकूंनी त्यातला एक कोंबडा ठेवून घेतला. दोन वर्षांत अंगणात मोठ्या कोंबड्या झाल्या आणि खुडूक होणाऱ्या संपत आल्या. ‘‘अंडे लय, पन बसाले कोनी नाही,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मंग माहेराहून तीन कोंबड्या आनल्या बटईनं.’’ बटई म्हणजे वाटा. कोंबडी तुझी, सांभाळ माझा, पिल्लं अर्धी-अर्धी. आंध्रात पूर्व गोदावरीच्या डोंगरात ‘अंथ्रा’ या संस्थेनं आदिवासी बायकांबरोबर असील कोंबड्या जपल्या, त्याही अशाच वाट्याच्या जुन्या पद्धतीवर. जात टिकते ती अशा देवघेवीतून.

आणि जाते कशी? एका आठवड्यातही जाते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारल्या गेल्या, शेडमधल्या आणि अंगणातल्याही. रोग थांबवायला दुसरा इलाज नव्हता. पण तोच पट्टा ‘बुसरा’ या महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या नोंदलेल्या देशी जातीचं घर आहे. शेड पुन्हा भरता येते, फोन केला की पिल्लं येतात. आजींनी निवडत आणलेली कोंबडी कोणत्या हॅचरीला फोन करून मागवायची?

दोन हजारांचा सवाल

शनिवारी दुपारी अंगणाबाहेर एक चकाचक गाडी थांबली. अमरावतीहून दोघे आले होते, पार्टीसाठी कोंबडे हवे होते. त्यांची नजर थेट लाल कोंबड्यावर. आमचीही सकाळपासून तिथेच होती, उगाच खोटं कशाला बोलू? मानेवर सोनेरी झूल, शेपटीत हिरवी झाक, चाल एकदम हीरोची.

‘‘हजार.’’ काकू गप्प. ‘‘दीड.’’ गप्प. ‘‘चला, दोन हजार. आत्ता कॅश.’’

काकूंनी मित्राकडे पाहिलं. त्या वर्षी मूग हाती लागला नव्हता, धाकटीची फी भरायची होती. दोन हजार ही तिथे छोटी रक्कम नाही. आणि तो कोंबडा तसाही दुसऱ्या दिवशी माहेरी जायचा होता, तोही फुकट!

आजी बाजेवरून उठल्याही नाहीत. ‘‘थो नाही इकाचा. बाकीचे पाहा.’’

ते दोघे तीन तरणे कोंबडे घेऊन गेले, जरा चिडूनच. मी आजींना विचारलं, ‘‘एवढं काय त्यात? दुसरा मोठा झाला असता की.’’

‘‘बजारवाला चांगलाच मांगते,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आपन दरखेपी चांगला देल्ला, तं घरी कोन राह्यते? रोडका. मंग रोडक्याचेच पिल्लं. लोकं म्हन्ते, पह्यल्यासारखी कोंबडी नाही राह्यली. कशी राहीन? तुमीच खाल्ली नं!’’

आम्ही तिघंही जमिनीकडे बघत बसलो. शहरातून येऊन सगळ्यात तगडा, सगळ्यात देखणा पक्षी जादा पैसे मोजून उचलणारे, आणि वर ‘आम्ही देशी वाण वाचवतोय’ म्हणत पाठ थोपटून घेणारे आपणच की. कडकनाथचंही असंच झालं. झाबुआच्या या काळ्या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, गवगवा झाला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात कडकनाथच्या नावानं शेतकऱ्यांच्या फसवणुकीचं प्रकरण गाजलं. फॅशनला घाई असते. निवडीला पिढ्या लागतात.

रात्री रस्सा झाला. चुलीवरचा, वर ताजा सांबार (वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडली शोधू नका!) आणि ज्वारीची भाकरी. आजी त्यांचं पिठलं घेऊन लांब बसल्या. ताटात होता घारीला पाहून सगळ्यात आधी पळालेला तरणा कोंबडा. चव? लाजवाब. सेकंड बेस्ट आहे, हे आमच्या जिभेला कळलंही नाही.

रविवारी दुपारी परत निघालो. काळीपिवळीत आमच्याबरोबर काकूही होत्या, मांडीवर झाकलेलं टोपलं. वाटेतल्या फाट्यावर त्या माहेरी उतरणार होत्या. टोपल्यातून लाल तुरा डोकावला, तसा ड्रायव्हर आरशातून म्हणाला, ‘‘केवढ्याचा हो, काकू?’’

काकूंच्या आधी आम्ही तिघंच बोललो, ‘‘विकायचा नाही!’’

जायचंय?

कसं जाल : मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस, मूर्तिजापूरला उतरा. पुढे दर्यापूरला एसटी किंवा काळीपिवळी. अमरावतीहूनही एसटी आहेत.

कधी : दिवाळीनंतर ते जानेवारी. पिल्लांचा हाच मोसम. मे महिन्यात हिंमत करू नका.

काय मागाल : गावरान हवी असेल तर जरूर मागा, पैसे नीट द्या. फक्त अंगणातला सगळ्यात देखणा कोंबडा सोडून. निवड घरच्या बाईवर सोपवा. तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.