ऑब्लायजिंग

भाची दहावीला आहे. परवा तिचा फोन आला, "मामू, ऑब्लायजिंग म्हणजे उपकारी का? गाइडमध्ये तसंच दिलंय." मी घाईत हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अम्मीच्या एका कागदासाठी सीबीडी बेलापूरला गेलो. तिथलं कोकण भवन म्हणजे मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांच्या कोकण विभागाचं मुख्यालय. त्यामुळे लांबून, पहाटेची एसटी धरून आलेली माणसं तिथे नेहमी दिसतात. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात माणगावकडच्या एक खाला उभ्या होत्या. दुकानातल्या पोराने त्यांचा गठ्ठा चाळला. एक पान कमी होतं, ते त्याने पिशवीतून शोधून काढायला लावलं. मग सगळे कागद क्रमाने लावले आणि सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारल्या. पैसे घेतले ते फक्त झेरॉक्सचे. खाला म्हणाल्या, "बेटा, मोठं एहसान केलंस." तो म्हणाला, "एहसान कसलं, मावशी? कागद मागेपुढे झाले होते." आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हा मला कळलं, भाचीला मी चुकीचा अर्थ सांगितला होता.

ऑब्लाइज हा शब्द लॅटिनमधल्या 'बांधणे' या क्रियापदावरून आला. 'मच ऑब्लाइज्ड' म्हणणारा माणूस मी तुमच्याशी बांधला गेलो असंच म्हणत असतो. आपल्या 'आभार' शब्दातही भार आहेच. पण ऑब्लायजिंग माणूस वेगळा. तो खुशीने कामाला येतो आणि समोरच्याच्या गळ्यात दोरी टाकत नाही.

एहसान या शब्दाचं तर आपणच नुकसान केलं. अरबीत तो हुस्न आणि हसन यांच्याच कुळातला आहे. चांगलं करणं, काम सुंदर करणं, हा त्याचा अर्थ. आपल्या घरांत मात्र एहसान 'चढतं', 'जतवलं' जातं आणि 'फेडावं' लागतं.

कुरआनात सूरह नह्लच्या 90व्या आयतीत आधी अद्ल येतो, मग एहसान. म्हणजे ज्याचं त्याला आधी द्यायचं, चांगुलपणा त्याच्यावरचा. हा क्रमही आपण विसरतो. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. तरी आपण अर्जाखाली 'मेहेरबानी व्हावी' असं लिहितो. हक्काला मेहेरबानी म्हणत गेलो की खरी मेहेरबानी ओळखू येत नाही.

हे दुसऱ्यांना सांगणं सोपं आहे. चार वर्षांपूर्वी मी पुतण्याला नोकरीसाठी एका ओळखीच्या माणसाकडे नेलं होतं. त्याला नोकरी लागली. पुढच्या ईदला, सगळे दस्तरखानावर बसलेले असताना, मी हसत हसत म्हणालो, "मी नसतो तर हा अजून घरीच बसला असता." सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर तो आमच्या घरी आलेला नाही. सूरह बकराच्या 264व्या आयतीत दान बोलून वाया घालवू नका अशी ताकीद आहे. ती मी कितीदा वाचली असेन. ती माझ्यासाठी आहे असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी भाचीला फोन करून अर्थ बदलून दिला: मदतीला तत्पर. परीक्षेपुरतं तेवढं बस आहे.

पुतण्याला फोन करायचा अजून बाकी आहे.