मुदत

मंचरच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचे किराणा दुकान असलेल्या एका कुटुंबातील ही हकिकत. सून एकतीस वर्षांची. लग्नाला पाच वर्षे झालेली, मूल नाही. पाळी दोन-दोन महिने येत नसे आणि आली की पंधरा दिवस थांबत नसे. अशा गोष्टी घरात पुरुषांच्या कानी घालण्याची रीत नव्हती, त्यामुळे वर्ष तसेच गेले. अखेर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीस गेला. अस्तराचा कर्करोग निघाला, अगदी आरंभीचा.

‘पिशवी काढून टाका, जीव तरी वाचेल,’ सासरे म्हणाले. त्यांचे चुकले नव्हते. या रोगावर शस्त्रक्रिया हाच रूढ आणि खात्रीचा उपाय आहे. सून गप्प राहिली. बोलल्या त्या सासूबाई : ‘आधी तिला विचारा.’

परळच्या टाटा रुग्णालयात स्लाइड पुन्हा तपासून घेतल्या. रोग सौम्य प्रतीचा होता आणि एमआरआयमध्ये तो स्नायूत उतरलेला दिसला नाही. या दोन अटी पुऱ्या झाल्या तरच औषधांचा मार्ग खुला होतो. बीजांड वेळेवर सुटत नसेल आणि अंगात मेद अधिक असेल, तर इस्ट्रोजेनला आवर राहत नाही व अस्तर वाढत जाते. हा आवर प्रोजेस्टेरॉन घालते. त्याच जातीच्या औषधांचा या रोगावरील गुण केली आणि बेकर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ सालीच नोंदविला होता. आज मेजेस्ट्रॉलसारख्या गोळ्या देतात किंवा संप्रेरक सोडणारी तांबी गर्भाशयात बसवितात. सुमारे चारांपैकी तिघींमध्ये रोग मावळतो. मात्र त्यांतील बऱ्याच जणींना तो पुन्हा गाठतो.

म्हणजे ही कर्जमाफी नव्हे, मुदतवाढ आहे. दर तीन महिन्यांनी अस्तर तपासायचे, रोग मावळताच मुलासाठी विलंब न लावता प्रयत्न करायचे आणि मूल झाल्यावर पिशवी काढून घ्यायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. वजन उतरविणेही आवश्यक होते. आणि गोळ्यांनी तर भूक वाढते! सुनेने रात्रीचा भात सोडला आणि पहाटे फिरावयास जाऊ लागली.

सहा महिन्यांनी अहवाल निर्मळ आला, आणि तेथेच घर सैलावले. पुढची तपासणी नेमकी दिवाळीच्या तोंडावर आली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, ‘आता बरी तर आहे, सणानंतर जाऊ,’ असे मुलगा म्हणाला. सासूबाईंनी त्याला प्रश्न केला : ‘उधारी वसूल करायची तारीख कधी सणानंतर ढकलतोस का?’

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिघे पहाटेच्या एसटीने पुण्यास गेले. गल्ल्यावर सासरे एकटे बसले होते. गिऱ्हाइकांनी सून कुठे म्हणून विचारले, तेव्हा प्रथमच त्यांनी काही लपविले नाही. संध्याकाळी मंडळी परतल्यावर त्यांनी पुढची तारीख विचारून घेतली आणि गल्ल्यामागच्या दिनदर्शिकेवर, व्यापाऱ्यांच्या देण्याच्या तारखांशेजारी, लाल शाईने मांडली.