घराचे अलिखित कायदे

प्रत्येक जुन्या घराला स्वतःचे काही अलिखित कायदे असतात. कोठल्या पायरीवर पाय जपून ठेवायचा, कोणते दार किंचित उचलून लावायचे, हे घरातल्या माणसांना कोणी शिकवीत नाही; मातृभाषेप्रमाणे ते आपोआप अंगवळणी पडते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या वडिलोपार्जित घरात असा एक कायदा विजेविषयी होता. माजघरातील बटणाला पायात चप्पल असल्यावाचून हात लावायचा नाही! पाहुणा मुक्कामाला आला की आजी पाण्याच्या तांब्याआधी चपला पुढे करी. आम्हां मुलांना त्याचे हसू येई. परंतु अनवाणी दिवा लावण्याचे धाडस आमच्यापैकी कोणी केले नाही.

पुढे आजी गेली, माणसे पांगली आणि घर विकण्याचे ठरले. मी केंद्र सरकारच्या कचेरीतला कारकून. कागद जुळविणे हा माझा पोटाचा धंदा. म्हणून काकांनी ते काम माझ्यावर सोपविले. मालकीची साखळी, वारसांच्या संमती, घरपट्टीच्या पावत्या, भरलेली वीजबिले असे सारे एका फायलीत क्रमवार लागले. खरेदीदारांच्या वकिलांनी एकेक कागद उजेडात धरून पाहिला. विजेची थकबाकी नाही याची त्यांनी खात्री करून घेतली. ती वीज घरातून कशी वाहते, हे मात्र कोणीच विचारले नाही.

घर घेणारे एक शिक्षक दाम्पत्य होते. दुसऱ्या खेपेस ते आले तेव्हा त्यांची तीन वर्षांची मुलगी बरोबर होती. मोठी माणसे तुळयांचे सागवान वाखाणीत असता ती माजघरात उकिडवी बसून, जमिनीपासून हातभर उंचीवरच्या दोन भोकांच्या जुन्या सॉकेटकडे मोठ्या कुतूहलाने पाहत होती. तिच्या पायांत चपला नव्हत्या. परक्या घरात शिरताना त्या उंबऱ्याबाहेर काढाव्यात, हे वळण तिला लागलेले होते.

त्या रात्री मी काकांपाशी विषय काढला.

"काका, वायरिंगविषयी त्यांना सांगायला हवे."

"अरे, घर जुने आहे हे त्यांना दिसत नाही का? विकायच्या घराचे दोष तूच मोजून दाखवलेस, तर ते भाव पाडून मागतील."

काकांचे म्हणणे व्यवहाराला सोडून नव्हते. त्यांचे उतारवय त्याच पैशांवर निभायचे होते. मी 1882चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम काढला आणि त्यातील कलम 55 त्यांना वाचून दाखविले. करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि सामान्य काळजी घेऊनही जो त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने उघड केलाच पाहिजे, असा त्याचा आशय. वाकडे दार डोळ्यांना दिसते. बटणाच्या आत काय दडले आहे ते दिसत नाही. काका काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावू नकोस, असेही म्हणाले नाहीत.

वायरमनने भिंतीवरच्या लाकडी पट्टीचे झाकण काढताच तारांवरील जुन्या रबराचा चुरा खाली पडला. सांधे काळे पडले होते. माजघरात अर्थिंगची तार मुळी नव्हतीच. "पण फ्यूज आहे ना?" असे काकांनी विचारले. फ्यूज हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. पाच अँपिअरचा फ्यूज त्याहून बराच अधिक प्रवाह गेल्याखेरीज वितळत नाही. माणसाचा प्राण घेण्यास मात्र पाच अँपिअरचा शंभरावा हिस्साही पुरतो. माणसासाठी जो खटका बसवितात, तो चोख हिशेबनिसासारखा असतो. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा मेळ तो सतत घालीत राहतो, आणि 30 मिलिअँपिअरची तफावत पडली की क्षणार्धात वीज तोडतो. असा हिशेबनीस आमच्या घरात कधीच नेमला गेला नव्हता.

योगायोग असा, की त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहणारी माझी मामेबहीणही आपले घर विकत होती. तिच्याकडून मला तिकडची रीत कळली. त्या क्वीन्सलँड राज्यात 2011 साली स्लॅक्स क्रीक येथे एका घराला रात्री आग लागून 11 माणसे दगावली. त्यानंतर तेथील कायदा कडक करण्यात आला. 1 जानेवारी 2022 पासून तेथे विकल्या जाणाऱ्या घरात निजण्याच्या प्रत्येक खोलीत धुराची सूचना देणारा भोंगा लागतो, आणि सारे भोंगे एकमेकांशी जोडलेले असावे लागतात. एक वाजला की सगळे वाजतात. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करीलच असे नाही. त्याच्या कानाशीच हाक मारावी लागते. हे भोंगे आहेत की नाहीत, विजेचा सुरक्षा-खटका आहे की नाही, हे विकणाऱ्याने घेणाऱ्याला लेखी कळवायचे असते. आमच्या आजीने चपला पुढे करून जे सांगितले, ते तिकडे छापील नमुन्यावर सांगतात, एवढाच काय तो फरक. पण आजी घराबरोबर विकता येत नाही, आणि नमुना मात्र नव्या मालकाच्या हाती राहतो.

शिक्षकांना आम्ही सारे सांगितले. वायरमनने काढलेल्या खर्चाइतकी रक्कम किमतीतून उतरली. काका दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलले. खरेदीखताचा मसुदा वाचला जात असताना मात्र त्यांनीच वकिलांना थांबविले.

"तारा बदलेपर्यंत माजघराची वीज बंद ठेवावी, हेही त्यात घाला."

खरेदीखतात असे काही लिहीत नाहीत, असे वकील म्हणाले. तेव्हा काकांनी एक कोरा कागद मागून घेतला. माजघरातील बटण, न्हाणीघराजवळचा सांधा, पावसाळ्यात ओल धरणारी मागची भिंत, असे एकेक आठवून त्यांनी आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिले, खाली सही केली आणि तो कागद शिक्षकांच्या हाती दिला.

नोंदणी कचेरीने तो कागद मागितला नाही. त्याला मुद्रांकही लागला नाही. परंतु त्या घराविषयी आमच्यापाशी जे काही होते, ते त्या दिवशी खऱ्या अर्थाने त्यांच्या नावे झाले, असे मला वाटते.