लहान पाटीवरील मोठा ब्राउझर

माझ्या टेबलाच्या खणांत एक जुनें यंत्र आहे. "सर, हा कोणता मोबाईल?" असें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं मला विचारलें आहे. तो मोबाईल नव्हे. फिनलंडच्या नोकिया कंपनीनें २००७ च्या आरंभीं काढलेली एन-८०० नांवाची ती इंटरनेट टॅब्लेट होय. तिला सिमकार्ड नाहीं. वाय-फायनें, अथवा ब्लूटूथद्वारां शेजारच्या मोबाईलचा आधार घेऊन ती इंटरनेटला जोडावयाची. पडदा ८०० बाय ४८० बिंदूंचा आणि रॅम अवघी १२८ मेगाबाईट.

माझ्या मेहुण्यांनीं ती परदेशाहून आणून दिली, तेव्हां मी वसतिगृहावर राहत असें. तिच्यांतील छोटा ब्राउझर साध्या पानांस पुरेसा होता. परंतु २०१० च्या जानेवारींत एका मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची रात्र आली. वीज गेल्यामुळें संगणक बंद, आणि अर्जावरील बटण छोट्या ब्राउझरांत कितीहि दाबलें तरी पान पुढें सरकेना. मुलाचे आईवडील ऊंसतोडणीस गेलेले. तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

खरें सांगावयाचें तर दोन कोसांवर जनरेटर असलेलें दुकान होतें व माझी सायकलहि धड होती. पण मला यंत्राची ऐट दाखवावयाची होती.

टॅब्लेटची मूळ प्रणाली, माएमो, ही लिनक्सच. तिची घडण डेबियनवरून केलेली. त्यामुळें मेमरी कार्डावर संपूर्ण डेबियन ठेवून तें आंतून चालवितां येई. याला 'क्रूट' म्हणतात. एकाच वाड्यांत दुसरें बिऱ्हाड थाटावें तसें हें आहे : पाया, म्हणजे कर्नल, तोच, भांडींकुंडीं मात्र निराळीं. त्या बिऱ्हाडांत संगणकावरचा मोठा ब्राउझर होता, आइसवीझल. हा मूळचा फायरफॉक्सच. परंतु नांवाच्या हक्कावरून वाद होऊन डेबियननें २००६ सालीं अग्नीचें बर्फ केलें व कोल्ह्याचें वीझल! (२०१६ सालीं जुनें नांव परत आलें.)

ब्राउझर उघडावयासच कित्येक मिनिटें लागलीं. पान मात्र जसेंच्या तसें आलें, बटणहि चालूं लागलें. मी मुलाकडे विजयी मुद्रेनें पाहिलें. तिसऱ्या पानावर रॅम संपली आणि ब्राउझर आपोआप मिटला. भरलेलें सारें गेलें. माझ्या हातांना घाम सुटला. सायकलवरून जावयाची वेळहि आतां टळली होती.

"सर, मीं सगळें वहींत लिहून ठेवलें आहे," तो हळूच म्हणाला.

मग मीं ऐट सोडून शहाणपणानें वागलों. कार्डावरील कांहीं जागा रॅमला भर म्हणून दिली, इतर सर्व कामें बंद केलीं, व चित्रें दाखवूं नयेत अशी ब्राउझरला सूचना दिली. त्यानें वहींतून वाचावें, मीं लेखणीनें पडद्यावरचें एकेक अक्षर टोंचावें, असें चाललें. बॅटरीची खूण शेवटच्या रेघेवर आली होती. अकरा वाजून गेल्यावर अर्जाचा क्रमांक उमटला.

मीं "झालें!" म्हटलें, परंतु त्यानें माझें पेन मागून घेतलें आणि तो क्रमांक आधीं तळहातावर व मग वहींत लिहिला.