इरईचा दगड आणि हिमालयाचा बर्फ

दरवर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपला समाज लोटतो. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी या गावी धम्मदीक्षा दिली. लोक दीक्षाभूमीला वंदन करतात, पुस्तके घेतात, कुणी भद्रावतीला जाऊन विजासनची बौद्ध लेणी पाहतात आणि गाडी पकडतात. पण याच जिल्ह्यात आणखी एक जागा आहे. तिथे कुणी मूर्ती घडवली नाही की लेख कोरला नाही. तिथला खडक बर्फाने कोरला आहे.

बर्फ, आणि तोही चंद्रपुरात? हसू नका. उन्हाळ्यात जिथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्याच मुलखाची ही गोष्ट आहे.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगा वर्धेला मिळते त्या संगमाजवळ इरई नावाचे गाव आहे. शहराजवळून वाहते ती इरई नदी वेगळी, हे गाव वेगळे. गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात चुनखडीचा खडक आहे. त्यावर चिकणमाती आणि लहानमोठ्या गोट्यांचा थर बसलेला होता. तो थर दूर केल्यावर खालचा खडक गुळगुळीत घासलेला आणि त्यावर एकाच दिशेने ओरखडे उठलेले दिसले. कानस फिरवल्यावर लोखंडावर उठतात तसे. सरकारी भूगर्भ खात्याचे फेडन यांनी 1875 साली ही माहिती छापून प्रसिद्ध केली.

हे ओरखडे कसे उठले? सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी आपला हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. इथे बर्फाचे जाड थर होते आणि ते हळूहळू सरकत होते. तळाच्या बर्फात अडकलेले दगड खालचा खडक घासत गेले. बर्फ वितळला, दगडमाती तिथेच पडली. त्या काळातल्या खंडाला आज जगभर गोंडवन म्हणतात. हे नाव आपल्या शेजारच्या गोंड बांधवांच्या मुलखावरून पडले आहे.

वाचकहो, या खडकाकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. बर्फ वितळतो म्हटले की आपण वर सूर्याकडे पाहतो. पण बर्फ कसा जाईल आणि किती वेगाने जाईल, हे पुष्कळदा त्याच्या खालची जमीन ठरवते.

पावसाळ्यात धुऱ्यावरच्या चिकणमातीत पाय सर्रकन घसरतो, खडबडीत दगडावर मात्र टिकतो. हिमनदीचेही तसेच आहे. खाली खडबडीत कठीण खडक असला तर बर्फ अडखळतो. खाली ओली माती असली, किंवा वरचे वितळलेले पाणी भेगांतून तळाशी गेले, तर तो घसरत लवकर खाली उतरतो. खालची हवा उबदार, म्हणून तिथे तो लवकर वितळतो.

जमीन खोलगट असली तर बर्फ मागे हटताच तिथे तलाव साचतो. तलावाचे पाणी उरलेला बर्फ कुरतडते, आणि एखाद्या दिवशी बांध फुटतो. सिक्कीमचा दक्षिण ल्होनाक तलाव ऑक्टोबर 2023 मध्ये असाच फुटला आणि तीस्ता नदीचे खोरे धुऊन निघाले.

कधी तळाचा खडकच साथ सोडतो. 7 फेब्रुवारी 2021 रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात रोंती शिखराचा कडा त्यावरच्या बर्फासह कोसळला. 200 हून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतले बहुतेक जण वीजप्रकल्पांवर राबणारे मजूर होते.

सर्वांत मोठी काळजी दक्षिण ध्रुवाकडची आहे. तिथे थ्वेट्स नावाची प्रचंड हिमनदी आहे. तिच्याखालची जमीन समुद्रपातळीच्याही खाली आहे आणि आत जावे तशी आणखी खोल होत जाते. त्यामुळे समुद्राचे उबदार पाणी तिच्या पोटाखाली शिरते. ती सगळी वितळली तर जगातले समुद्र सुमारे 65 सेंटीमीटरने चढतील. मुंबईच्या खाडीकाठच्या झोपड्यांतून आपलीच माणसे राहतात, हे विसरून चालणार नाही. एक दिलासाही तळाकडूनच मिळतो. ओझे कमी झाले की जमीन वर उचलली जाते. त्या भागात ती काही ठिकाणी वर्षाला 4 सेंटीमीटर वर येत आहे. त्याने बर्फाला थोडा आधार मिळेल, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही.

आता पुन्हा चंद्रपूरला येऊ. इरईचा बर्फ गेल्यावर त्या सखल जमिनीवर दलदल झाली, घनदाट जंगले वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूरच्या खदानींत निघतो तोच हा कोळसा. पुढे प्राणहितेच्या काठी गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याकडे गेलात तर वडधमला दगड झालेली झाडांची खोडे आणि त्या परिसरात महाकाय सरड्यांचे अवशेष सापडले आहेत. आधी बर्फ, मग जंगल, मग ते प्राणी, असा हा पोथीचा क्रम आहे. तो कोळसा जाळल्यानेही हवा तापते आणि हिमालयाचा बर्फ वितळतो. एका बर्फाच्या जागी झालेला कोळसा दुसऱ्या बर्फाला संपवतो आहे.

यात खदानीत उतरणाऱ्या माणसाचा दोष नाही. त्याच्या घामाच्या विजेवर शहरे उजळली, धूळ मात्र त्याच्या छातीत गेली. उद्या कोळसा बंद करायचा म्हणाल तर जरूर करा. पण त्या कामगाराच्या मुलांच्या शिक्षणाचे आणि भाकरीचे काय, हे आधी सांगा. वरून सगळे दिसते, तळाशी कोण आहे ते दिसत नाही. चमोलीत दिसले नाही, इथे तरी दिसावे.

कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. ती मुलांना नुसती पाठ करायला लावू नका. उन्हाळ्यात नदी आटली की त्यांना पैनगंगेच्या पात्रात न्या. दगड फोडू नका, खरवडू नका. पायाखालच्या जमिनीवरून हात फिरवू द्या आणि विचारू द्या : असे का झाले? उत्तर शोधायची सवय तिथूनच लागेल.

जयभीम!